ओळखीची खूण : नाही

तेजराम रामटेकेनं पोलीस खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली सव्वीस टेबलाशी. काठी त्याच्या हातात क्वचितच आली. तो ठाण्याचा रायटर होता. चोरी झाली, लिही. शेताच्या धुऱ्यावरून डोकी फुटली, लिही. कोणी झाडाला लटकलेलं सापडलं, कोणी तलावात तरंगताना दिसलं, तर चल, तिथं जाऊन लिही. अक्षर वळणदार, हात झपाट्याचा, आणि तीन कार्बन घालून खालच्या प्रतीवरही शब्द उमटेल असा जोर. साहेब बदलले, ठाणी बदलली, पण ज्या ठाण्यात जाई तिथं दुसऱ्या दिवशी टेबल त्याचंच होई.

निवृत्त झाल्यावर तो सिहोऱ्याला घर बांधून राहिला. बायको धुरपता आणि तो, दोघंच. पोरगी लग्न होऊन नागपूरला. वर्षभर त्यानं परसात वांगी लावली, विहाराच्या बांधकामात देखरेख केली, आणि मग एका सकाळी धुरपताला म्हणाला, "मी माही जीवनकथा लिवतो."

धुरपता म्हणाली, "लिवा ना. तुमाले लिवल्याशिवाय चैन कुठं हाये?"

गावच्या वाचनालयात तेव्हा दर रविवारी सकाळी लेखनाचा वर्ग भरायचा. तुमसरच्या कॉलेजात मराठी शिकवणारी तृप्ती नावाची मुलगी तो चालवायची. सात-आठ माणसं, एक सतरंजी, एक पंखा. तेजराम तिथं बारा पानं घेऊन गेला. पहिलं वाक्य होतं : 'सदर इसमाचा जन्म मौजे अमुक येथे गरीब व कष्टाळू कुटुंबात झाला असून त्याचे बालपण अत्यंत हलाखीचे व दुःखद परिस्थितीत गेल्याचे दिसून येते.'

कोणी हसलं नाही, कारण तेजराम वयानं मोठा होता. तृप्तीनं मात्र बारा पानं शांतपणे ऐकली आणि विचारलं, "काका, हा सदर इसम कोण?"

"मीच."

"मग तुम्ही त्याला पाहिलं नाही का कधी?"

तेजरामाला राग आला, पण पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला. आणि त्याच्या पुढच्याही. तृप्तीनं त्याचे शब्द एकेक करून काढून घेतले. 'हलाखीचे' खोडलं, म्हणाली, त्या घरात भाजी कशात शिजायची ते सांगा. 'दुःखद' खोडलं, म्हणाली, आई रडताना तोंड कुठं करायची? तेजरामाच्या लक्षात आलं की आई रडताना जात्याकडे तोंड करायची. हे त्यानं साठ वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःलाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. तो घरी गेला आणि एवढं एकच वाक्य लिहिलं, आणि ते वाचून धुरपता चुलीपासून उठून आत गेली.

एक गोष्ट तृप्ती पुन्हा पुन्हा सांगे. "आठवण लिहीत असाल तर जिथं आठवत नाही तिथं आठवत नाही असं लिहा. गोष्ट लिहीत असाल तर खुशाल बनवा. पण आपण कोणतं करतोय हे आपल्याला ठाऊक पाहिजे. नाहीतर दोन्ही बिघडतं."

दिवाळीच्या आसपास तिनं वर्गाला एक काम दिलं. नोकरीतला, संसारातला असा एक दिवस घ्या, जो तुम्ही आजवर शंभर वेळा सांगितलाय, आणि तो पायापासून लिहा. तिथं तुमच्या पायाखाली काय होतं, इथून सुरुवात करायची.

तेजरामानं तलावातल्या बाईचा दिवस घेतला. त्र्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा तो जिल्ह्याच्या पार दक्षिणेला नोकरीला होता. दिघोरीजवळच्या एका गावाच्या तलावात, शिंगाड्याच्या वेलांत, मासे धरणाऱ्या ढिवरांना एक बाई सापडली. वय तिशीच्या आसपास. कोणाची, कुठली, कोणाला ठाऊक नाही. तीन दिवस वाट पाहिली, कोणी आलं नाही, मग ग्रामपंचायतीनं तलावाजवळच तिला माती दिली. हा किस्सा तेजराम चहाच्या टपरीवर नेहमी सांगायचा. त्यात तो स्वतः तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली नाकाला रुमाल लावून उभा असे, ढिवर बडबडत असत, साहेब शिव्या देत असे. बाई त्या किश्शात जवळजवळ नव्हतीच.

पहिला मसुदा त्यानं वर्गात वाचला. तृप्ती म्हणाली, "काका, बाई कुठं आहे?"

"हाये ना. 'अनोळखी स्त्री, बांधा मध्यम, रंग सावळा, ओळखीची खूण नाही.'"

"हे कागदावर आहे. तुम्ही काय पाहिलं?"

तेजरामानं कागद पुन्हा चाळला. खरं म्हणजे त्याला बाईचं काहीच आठवत नव्हतं. त्याला आठवत होता तो त्यानं लिहिलेला कागद.

त्या बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास तो खिडकीपाशी टेबलाशी बसला. बाहेर अंगणात धुरपता मुगाच्या वड्या घालत होती. ऊन चांगलं पडलं होतं. त्यानं डोळे मिटले आणि पायांपासून सुरुवात केली. पायाखाली पाळीची माती, वरून सुकलेली, आतून ओली. डाव्या पायाची चप्पल रुतली. शिंगाड्याचे वेल उपटून काठावर टाकलेले, त्यांना सडका, गोडसर वास. हे सगळं तो लिहीत गेला. मग त्याला वाटलं, टेबलाच्या उजव्या बाजूला कोणीतरी येऊन उभं राहिलंय.

ही जाणीव त्याला नवी नव्हती. ठाण्यात फिर्याद द्यायला येणारी माणसं अशीच उभी राहात. सांगितल्याशिवाय बसत नसत, बोलत नसत. लुगड्याचा पदर, मिटलेली मूठ, एवढंच डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसे. मान वर न करता तेजराम म्हणे, "बसा." आणि हातातला कागद पुरा करी.

त्यानं मान वर केली नाही. हात चालत राहिला.

थोड्या वेळानं धुरपता आत आली. तिच्या हातात दोन कप चहा होता.

"दोन कायले?" तेजरामानं विचारलं.

धुरपतानं खोलीभर पाहिलं. "गेली का ते बाई?"

"कोणती बाई?"

"तुमी 'बसा' म्हटलं ना मंगाशी? म्या आयकलं. म्हटलं कोणी बाईमाणूस आलं असंन, म्हून चहा ठेवला." मग तिनं नाकानं हवा ओढली. "अन् तलावाचा वास काहून येऊन राहिला इथं?"

तेजरामानं कागदाकडे पाहिलं. खाली, ओळ सोडून, त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं :

'तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, "सो" एवढंच गोंदलेलं होतं. "स" ची पाठ वाकडी होती, शाळेतल्या पोरानं काढल्यासारखी. पुढचं अक्षर सुरू करून सोडून दिल्यासारखा एक हिरवा ठिपका होता.'

दुसरा कप धुरपतानं परत नेला नाही. तिनं तो टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवला आणि वड्यांकडे निघून गेली. तेजराम मात्र मनातून खूश होता. अंगावर काटा आला होता हे खरं, पण त्यानं ठरवलं की हे आपल्याला सुचलं. त्याच आठवड्यात तृप्तीनं सांगितलं होतं की अर्धवट राहिलेली वस्तू वाचणाऱ्याला ओढून घेते. अर्धं विणलेलं सूप, अर्धं लिहिलेलं पत्र. म्हणजे आपण शिकलो तर! आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी बनवलं.

रविवारी त्यानं ते वाचलं. पंखा बंद होता, थंडीचे दिवस सुरू झाले होते. 'ठिपका होता' इथं आल्यावर त्यानं ऐटीत थोडं थांबून सगळ्यांकडे पाहिलं. तृप्तीनं मान डोलावली. तिच्या शेजारी कामिनी बसली होती, गावातलीच अंगणवाडीची बाई, पोरांसाठी गोष्टी लिहिणारी. ती तेजरामाकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती.

"काका," ती म्हणाली, "तो ठिपका अक्षराच्या पुढं होता का खाली?"

"पुढं. थोडा खाली उतरलेला."

"हे तुमाले कोणी सांगितलं?"

तेजराम हसला. "कोणी नाही बेटा. मी बनवलं ते. गोष्टीसाठी."

"ठिपकाही?"

"ठिपकाही."

कामिनीनं वही मिटली. आवाज न चढवता ती बोलू लागली.

तिच्या सासऱ्याचं नाव सोमाजी. त्यांना ती मामाजी म्हणे. सोमाजीला शकुन नावाची धाकटी बहीण होती. दोघं लहान असताना दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गेली होती. तिथं गोंदणारी बाई बसली होती. शकुन हट्ट धरून बसली की भावाचं नाव गोंदीन. गोंदणाऱ्या बाईला अक्षर येत नव्हतं. सोमाजी तिसरीत होता, त्यानं काडीनं धुळीत आपलं नाव लिहून दाखवलं. बाईनं ते पाहून 'सो' काढलं, पुढच्या अक्षराची सुई लावली, आणि शकुन किंचाळून हात हिसकून पळाली. पुढं आयुष्यभर घरात तिला 'सो' म्हणूनच चिडवत. लग्न होऊन ती साकोलीकडे गेली. त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर सासरहून निरोप आला की ती तुमच्याकडे आली का. ती आली नव्हती. सोमाजीनं गोंदिया, नागपूर, सगळी स्टेशनं पालथी घातली. कुठंच काही नाही.

"मामाजी अजूनही गाडीतून उतरनाऱ्या बायांचे हात पाह्यतात," कामिनी म्हणाली. "आमाले लाज वाट्ते. म्हातारा मानूस, लोक काय म्हन्तीन."

तेजरामानं हातातली पानं उलटी करून ठेवली. तो म्हणाला, "पण बेटा, मी खरंच बनवलं."

"असं कोण बनवते काका?"

वर्ग त्या दिवशी तिथंच संपला. वाचनालयाच्या पायरीवर तृप्तीनं त्याला गाठलं. "काका, खरं सांगा. बनवलं की आठवलं?"

"तेच तं समजून नाही राहिलं, बाई. मी तिच्या जवळ गेलोच नोहतो. मोहाखाली उभा होतो, तीस पावलांवर. तिथून हातावरचं गोंदन दिसते का?"

"मग आता पुढं लिहू नका," तृप्ती म्हणाली. "आधी जाऊन बघा. तुमचं आयुष्य त्यातच गेलं ना?"

घरी येऊन त्यानं एक परीक्षा घेतली. तोच उतारा पुन्हा लिहायला घेतला आणि गोंदण बदललं. 'सो' च्या जागी विंचू लिहिला, तुळस लिहिली. हात लिहीत होता, पण अक्षर त्याचं राहीना. ते छापलेल्या फॉर्मसारखं सरळ, गुळगुळीत होत गेलं आणि त्यात काहीच दिसेना. मग त्यानं डोळे मिटून नुसता हात सोडला. उघडून पाहतो तर वाकडी पाठ असलेला 'स'. त्याचं स्वतःचं 'स' असं कधीच नव्हतं. एकतीस वर्षांत कधीच नव्हतं.

त्यानं पेन खाली ठेवला आणि धुरपताला म्हणाला, "मी उद्या दिघोरीले जातो."

ठाण्यात जाऊन उपयोग नव्हता हे त्याला ठाऊक होतं. इतक्या जुन्या मर्गाचे, अकस्मात मृत्यूचे, कागद मुदत संपल्यावर नष्ट करतात, तसे नष्ट करण्याच्या याद्या त्यानं स्वतः केल्या होत्या. पण दिघोरीला श्यामराव होता. त्या काळात त्या बाजूला फोटो काढणारा तो एकटाच, लग्न असो की प्रेत. पोलीस त्यालाच बोलावत. श्यामराव आता अठ्ठ्याहत्तरचा झाला होता. स्टुडिओच्या जागी मोबाईल रिचार्जचं दुकान होतं, आणि मागच्या खोलीत त्यानं सगळ्या निगेटिव्ह सालवार लावून ठेवल्या होत्या, लग्नाच्या अल्बमच्या जुन्या पाकिटांत.

"फेकाव म्हन्तो, पण हात होत नाही," श्यामराव म्हणाला. "अर्धे लोक मेले त्याच्यातले. फेकले तं पुन्हा मारल्यासारखं होते." त्र्याण्णवचं पाकीट शोधायला त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत.

त्यानं निगेटिव्हची पट्टी खिडकीच्या उजेडावर धरली. तेजराम वाकून पाहू लागला. तलाव पांढरा दिसत होता, आभाळ काळं. पाळीवरची माणसं काळ्या तोंडांची, पांढऱ्या डोळ्यांच्या जागा असलेली. आणि मधोमध कापडाखाली ती. केस पांढरेशुभ्र. तेजरामाला वाटलं, ही इतकी वर्षं इथं पाकिटात राहून म्हातारी झाली. जिवंत असती तर आज साठीला टेकली असती, केस असेच असते.

"असं नाही दिसनार. आता मोबाईलमंदी उलटं करता येते," असं म्हणून श्यामरावानं फोटो काढला, बोटानं दोनदा ठोकलं, आणि काळ्याचं पांढरं झालं.

पहिल्या फोटोत तलाव आणि गर्दी होती. दुसऱ्यात बाई, गळ्यापर्यंत चादर ओढलेली, फक्त डावा हात बाहेर. त्यावर काही नव्हतं. तेजरामानं श्वास सोडला. त्या श्वासात सुटका होती की निराशा, हे त्याला सांगता आलं नसतं.

"आखरी एक हाये," श्यामराव म्हणाला. "रोल संपवाले काढला असंन. साहेबाले देला नोहता, त्याच्यात पोलीस आला होता म्हून."

तिसऱ्या फोटोत मोहाचं झाड होतं आणि त्याच्याखाली कोणीच नव्हतं. झाडाच्या अलीकडे चादर थोडी बाजूला झाली होती. बाईजवळ एक तरुण शिपाई उकिडवा बसला होता. टोपी मागं सरकलेली. त्यानं तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि तोंड इतकं जवळ नेलं होतं की कमी दिसणारा माणूस चिठ्ठी वाचतोय असं वाटावं.

तो शिपाई तेजराम होता.

तेजराम खुर्चीत बसला. फोटोतल्या माणसाला तो ओळखत होता. तो शर्ट त्याचा होता, मनगटावरचं घड्याळ सासऱ्यानं दिलेलं होतं. पण तो क्षण त्याच्याकडे नव्हता. कोणीतरी त्याच्या अंगात शिरून तिथं बसलं होतं आणि काम उरकून निघून गेलं होतं, तसं त्याला झालं. मोहाखाली नाकाला रुमाल लावून उभा राहिलेला तेजराम, ज्याचा किस्सा त्यानं तीस वर्षं सांगितला, तो मुळात तिथं नव्हताच.

"हे पाह्यलं का?" श्यामरावानं चित्र बोटांनी मोठं केलं. उकिडव्या शिपायाच्या काखेत कागद होते, उभी घडी घातलेले, कडेनं कार्बनची काळी पट्टी बाहेर आलेली.

पंचनामा लिहून झाला होता. पंचांच्या सह्या झाल्या होत्या. त्यानंतर त्यानं हात पाहिला.

यापुढचं त्याला फोटोनं सांगितलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती. आपल्या सव्वीस वर्षांच्या सवयी त्याला पाठ होत्या. झाडाखाली बसून आधीच लिहून टाकायचं, बांधा मध्यम, रंग सावळा, ओळखीची खूण नाही. आता गोंदण घालायचं म्हणजे चारही पानं पुन्हा लिहायची, पांगलेले पंच गोळा करायचे, शेवटची गाडी चुकवायची. म्हणून त्यानं हात चादरीखाली ठेवला असणार. आणि मग जे पाहिलं ते न पाहिल्यासारखं करण्यासाठी आठवणीत स्वतःला नेऊन मोहाखाली उभं केलं असणार.

सोमाजीकडे तो दुसऱ्याच दिवशी गेला. कामिनीनं दार उघडलं. धानाची कापणी चालू होती, अंगणात पेंढ्या पडल्या होत्या. सोमाजी खाटेवर बसून विळ्याला धार लावत होता. सहासष्ट वर्षांचा, वाळलेला, ताठ माणूस. तेजराम त्याच्यासमोर जमिनीवर बसला. सोमाजीनं "वर बसा जमादार" म्हटलं, पण तो वर बसला नाही. त्यानं आधी सगळं सांगितलं, मग श्यामरावानं पाठवलेला फोटो मोबाईलवर पुढं केला.

सोमाजीनं फोटो पाहिला नाही. तो आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आला. त्र्याण्णवची, बहीण हरवल्याची नोंद. दुसऱ्याच ठाण्याची, दुसऱ्याच रायटरची, पण भाषा तीच. सदर स्त्री, बांधा मध्यम, रंग सावळा. शेवटची ओळ : 'ओळखीची खूण : उजव्या हातावर "सो" हे अक्षर गोंदलेले आहे.'

दोन कागद, एकाच जिल्ह्यात, आठ दिवसांच्या अंतरानं लिहिलेले. एकावर खूण होती. दुसऱ्यावर तेजरामाच्या सुरेख अक्षरात 'नाही' होतं.

"तुमी वाचलं," सोमाजी म्हणाला. "माह्या बहिनीचा हात हातात घेऊन तुमी वाचलं."

"हो."

"अन् लिवलं नाही."

"नाही लिवलं."

सोमाजीच्या हातात विळा होता. त्यानं तो हळूच खाटेखाली सरकवला, जणू तो आपल्या हातात नको असं त्याला वाटलं. मग विचारलं, "तिच्या तोंडावर भेव होतं का?"

तेजरामाला उत्तर देता आलं असतं. शांत होती, झोपल्यासारखी होती, हे वाक्य जिभेवर तयार होतं. किती तरी आयाबापांना त्यानं ते दिलं होतं आणि ती माणसं रडत रडत का होईना, उठून घरी गेली होती. आता ते वाक्य त्याच्यानं काढवेना.

"मले आठवत नाही, भाऊ," तो म्हणाला. "हात आठवते. तोंड नाही आठवत."

सोमाजी उठला आणि धानाच्या बांधीकडे, शेतात, निघून गेला. कामिनी तेजरामाला म्हणाली, "काका, आता जा तुमी." तो गेला.

दोन रविवार सोमाजीचं काही कळलं नाही. तेजराम वर्गात जाई, कोपऱ्यात बसे, वाचत नसे. घरी मात्र लिहीत होता. मोह त्यानं काढून टाकला. साहेबाच्या शिव्या, ढिवरांची बडबड, लोकांना हसवणारं सगळं काढलं. 'मी तिचा हात धरला. मी वाचलं. माझ्या काखेत कागद तयार होता.' जिथं काही नव्हतं तिथं त्यानं 'आठवत नाही' लिहिलं. तीन पानांत ते अकरा वेळा आलं. तृप्तीनं एकही खोडलं नाही.

तिसऱ्या रविवारी सोमाजी वाचनालयात आला. चपला दारात काढून, सतरंजीच्या कडेला बसला. "वाचा," म्हणाला.

तेजरामानं वाचलं. संपल्यावर सोमाजीनं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"याच्यात शकुन नाही," तो म्हणाला. "हे तं मढं झालं. तुमी तिले पाह्यलं तवा ते मेली होती, तुमी तरी काय लिवसान? लिवा आता. मी सांगतो."

आणि तो सांगू लागला. शकुन बोडीत, गावच्या लहान तळ्यात, म्हशीच्या पाठीवर उभी राहून पोहायची. भात खाताना बोलली की शितं उडायची, म्हणून आजी तिला भिंतीकडे तोंड करून जेवायला बसवी. तिला विंचवाचं भेव नव्हतं, पण कोंबड्याचं होतं. लग्नात तिनं नवऱ्याला आधी विचारलं होतं की तुमच्या गावात कोंबडे किती. तृप्ती हसली, कामिनी हसली, आणि मग सोमाजीही हसला आणि हसता हसता पदरासारखं उपरणं तोंडावर घेतलं. तेजराम मान खाली घालून लिहीत होता. एका ठिकाणी त्यानं विचारलं, "कोंबडा लाल का पांढरा?" सोमाजी विचार करून म्हणाला, "लाल. मान मोडलेला." तेजरामानं तेही लिहिलं.

मग एके दिवशी दोघं दिघोरीला गेले. श्यामरावानं जागा दाखवायला एका म्हाताऱ्या ढिवराला सोबत दिलं होतं. तलावात शिंगाडे निघत होते. पाळीच्या खाली, बेशरमाच्या झुडपांत म्हातारा थांबला. "इथंच कुठंतरी. नक्की नाही सांगता येत, बापू. पानी किती डाव चढलं, उतरलं." सोमाजीनं पानावर भात आणि गूळ ठेवला. दुपारचं ऊन होतं, तलाव स्तब्ध होता. त्यानं तेजरामाला सांगितलं, "आता मांगं पाह्यचं नाही." मग लहानपणी हाक मारत असेल तशी हाक मारली. "शकुन, चाल वो. घरी चाल." तीनदा. पलीकडच्या काठाकडून आवाज परत आला, पण तिसऱ्या वेळी आला नाही.

दोघं न वळता रस्त्यापर्यंत चालत आले. तेजरामाला पाठीमागं सुक्या मातीवर ओल्या पायांचा आवाज ऐकू येत होता, की तो त्याच्या स्वतःच्या रुतलेल्या चपलेचा होता, हे त्यानं कधी नक्की लिहिलं नाही.

साकोलीच्या गाडीत जागा भरपूर होती. कंडक्टर आला. सोमाजीनं पैसे पुढं केले. "एक पूर्ण, एक सीनिअर, एक महिला."

कंडक्टरनं दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं, त्यांच्या मधल्या सीटकडे पाहिलं. "महिला कुठं हाये, काका?"

सोमाजी खिडकीबाहेर बघत होता. तेजरामानं कंडक्टरकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "काटा तिकीट. आमच्यासोबत हाये."